अश्वरक्तातील श्वेतपेशी : संज्ञा आणि वर्णन

शास्त्रीय संज्ञेची परीक्षा दोन प्रकारे होऊ शकते. ती भाषादृष्ट्या शुद्ध आहे काय, हा पहिला प्रश्न. तिच्या आधारे वाचकास वस्तू ओळखता येते काय, हा दुसरा. मराठीतील परिभाषेचा वाद बहुतांशी पहिल्या प्रश्नाभोवती फिरत राहिला. दुसऱ्याचे महत्त्व किती, हे घोड्याच्या रक्तातील श्वेतपेशींच्या उदाहरणावरून चांगले लक्षात येते.

या उदाहरणाचा मुंबईशी जुना संबंध आहे. करी रोड स्थानकाच्या उत्तरेस परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याच परळमध्ये, जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, १८९९ साली हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. वाल्डेमार हाफकिन हे मेच्निकॉव्हचे शिष्य. परजीवांस गिळून टाकणाऱ्या पेशींचे कार्य मेच्निकॉव्हने १८८२ साली उलगडले. तथापि सर्पविषावरील प्रतिरक्त घोड्यांपासून तयार करताना महत्त्व येते ते रक्तद्रवास. घोड्याच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींस चिकटून झपाट्याने तळाशी बसतात आणि वर द्रव निवळतो. श्वेतपेशी मात्र काचपट्टीवर शोधाव्या लागतात.

काचपट्टीवर त्यांना मिळालेली नावे रंगद्रव्यांवरून आलेली आहेत. पाउल एर्लिख याने १८७९ साली इओसिन या आम्लधर्मी रंगाची ओढ असणाऱ्या पेशींस इओसिनोफिल म्हटले. न्यूट्रोफिल आणि बेसोफिल ही नावेही रंगाशी असलेल्या नात्याचीच. त्यांवरून अम्लरंजी, उदासीनरंजी, अल्करंजी अशी संस्कृतोद्भव रूपे सहज घडवता येतात, आणि घडवणाऱ्यास काम संपल्याचे समाधानही मिळते. वास्तविक या रूपांतरात पेशीविषयी एकही नवी गोष्ट सांगितली जात नाही. प्रयोगशाळेतील बाटलीचे नाव तेवढे मराठीत येते.

ही उणीव घोड्याच्या इओसिनोफिलपाशी उघड होते. मानवी इओसिनोफिलमध्ये बारीक, एकसारखे दाणे असतात आणि दोन पाळ्यांचे केंद्रक स्पष्ट दिसते. घोड्याच्या पेशीत हेच दाणे कितीतरी मोठे, गोल आणि तेजस्वी नारिंगी-तांबडे असतात. ते इतके दाटीने बसतात की पेशीची कड त्यांच्या उठावाने खडबडीत होते आणि केंद्रक काहीसे झाकले जाते. पिकलेल्या तुतीशी या पेशीची तुलना केली, तर ती एकदा वाचणारा विद्यार्थी पुढे पेशी चुकणार नाही. ‘अम्लरंजी’ हा शब्द शंभर वेळा घोकूनही तो लाभ होणार नाही.

न्यूट्रोफिलचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. मानवी पेशीतील केंद्रकाचे खंड बारीक धाग्यांनी जोडलेले असतात व ते मोजता येतात. घोड्यात क्रोमॅटिन गडद, गुठळीदार असते. केंद्रकाची कड दातेरी असते. खंडांमध्ये धाग्याऐवजी पुष्कळदा नुसता आवळ आढळतो. मानवी चित्रसंग्रहावर नजर बसलेला विद्यार्थी अशा पेशीस अपक्व समजण्याचा संभव आहे. लसीकापेशी बहुधा लहान व गोल केंद्रकाच्या असतात. बेसोफिल क्वचितच भेटतात.

हा प्रश्न शब्दरसिकांपुरता नाही. निरोगी घोड्याच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणतः पाच ते बारा हजार श्वेतपेशी असतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. तीव्र जंतुविषबाधेत न्यूट्रोफिल रक्तप्रवाहातून ऊतींकडे निघून जातात, म्हणून संख्या वाढण्याऐवजी घटू शकते. अपक्व पेशीही इतर काही प्राण्यांच्या मानाने कमी दिसतात. अशा वेळी पेशीद्रवातील निळसर छटा, पोकळ्या आणि निळे ठिपके हीच आजाराची महत्त्वाची खूण ठरते. वर्णन मानवी रक्तावरून उसने घेतलेले असेल, तर वाचक निरोगी पेशीस अपक्व ठरवील आणि आजारी पेशीस निरोगी.

यावर असा आक्षेप येईल की, उपमा सैल असते आणि संज्ञा काटेकोर; शिवाय आंतरराष्ट्रीय नावांपासून फारकत घेणे घातक. आक्षेपाचा दुसरा भाग पूर्णतः मान्य करावा लागतो. म्हणूनच इओसिनोफिल, न्यूट्रोफिल हे शब्द जसेच्या तसे वापरण्यात कमीपणा नाही. पहिला भाग मात्र अर्धसत्य आहे. अबलख, कुमाईत, नुकरा, पंचकल्याणी हे घोड्यांचे जुने शब्द पाहावेत. काही फारसी-अरबीतून आले, काही संस्कृतातून. परंतु प्रत्येक शब्दामागे निश्चित लक्षण आहे, आणि पंचकल्याणी म्हणताच चार पाय व तोंड यांवरील पांढरा रंग जाणकाराच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. घोड्याच्या बाह्यांगाविषयी भाषेने जो काटेकोरपणा कमावला, तो सूक्ष्मदर्शकाखालीही कमावता येण्याजोगा आहे. मात्र त्यासाठी शब्दकोशाआधी काचपट्टी पाहिली पाहिजे.

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने प्रचलित नाव द्यावे. लगेच आकार, दाणे व केंद्रक यांचे वर्णन करावे. मानवी पेशीहून भेद कोठे, हे वेगळ्या वाक्यात सांगावे. आणि त्या भेदाचा निदानाशी असलेला संबंध दाखवावा. या चार गोष्टी साधल्या, तर संज्ञा देशी की परकी हा वाद आपोआप दुय्यम ठरतो.