‘शुश्रूषा’ या शब्दाचा विसरलेला अर्थ

वैद्याकडे ‘चिकित्सा’ व परिचारिकेकडे ‘शुश्रूषा’ अशी वाटणी आपल्या भाषेत रूढ आहे. ‘चिकित्सक बुद्धी’ म्हणजे पारखून घेणारी बुद्धी. म्हणून पारखणे वैद्याचे आणि आज्ञा पाळणे परिचारिकेचे, असा समज या वाटणीतून दृढ होतो. व्युत्पत्तीच्या कसोटीस मात्र तो उतरत नाही. ‘कित्’ धातूपासून चिकित्सा, ‘श्रु’पासून शुश्रूषा, दोन्ही रूपे सन्नन्तच. शुश्रूषा म्हणजे मूलतः ऐकण्याची इच्छा होय.

ऐकणारा निर्णयही करू शकतो, हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दिसले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यापासून २०१५ मधील मृत्यूपर्यंत शय्येवर होत्या. त्यांच्या दयामरणास तेथील परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाच्या सेवकवर्गासच त्यांचे खरे निकटवर्ती मानले. ते मत पटो वा न पटो, ते दीर्घ सहवासातून बनले होते, आज्ञेतून नव्हे.

कोळगाव येथे मुख्यालय असलेल्या पालघर जिल्ह्यात तर वारली, कातकरी बोलींपासून बोईसर-तारापूरच्या कामगारांच्या हिंदीपर्यंत अनेक वाणी एकाच कक्षात येऊ शकतात. अशा ठिकाणी न उमगलेल्या एका शब्दानेही कलह पेटतो, आणि तो शब्द बहुधा प्रथम परिचारिकेच्या कानी पडतो. कलह मिटविणे म्हणजे दोन्ही पक्षांस गप्प करणे नव्हे. दोघांचे ऐकून, पारखून, प्रसंगी वैद्याच्या आदेशाविषयीची शंकाही बोलून दाखविणे होय. शुश्रूषेतून चिकित्सा वजा केली, तर उरते ती केवळ ताबेदारी.