परचित्त आणि विचारपूस : एका मानसशास्त्रीय संशोधनाची समीक्षा

शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली यांनी ताल एयाल आणि मेरी स्टेफेल या दोन सहकाऱ्यांसह २०१८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले असता त्याचे मन खरोखर कळते काय, हा त्याचा विषय. यासाठी २५ प्रयोग करण्यात आले. चेहऱ्यावरून भावना ओळखणे, खरे हसू आणि खोटे हसू वेगळे करणे, खोटे बोलणारा ओळखणे, आपल्या जोडीदाराची आवडनिवड सांगणे, अशी त्यांतील कामे होती. दुसऱ्याच्या जागी कल्पनेने उभे राहिल्यास ही कामे अधिक अचूक होतील, असे बहुतेकांना आधी वाटत होते. प्रत्यक्षात तसा पुरावा मिळाला नाही. एकंदरीत अचूकता थोडी घटलीच, आणि काही वेळा आपले बरोबर असल्याची खात्री मात्र वाढली. अखेरच्या प्रयोगात काहींना कल्पना करण्याऐवजी समोरच्याला सरळ विचारावयास सांगितले. अचूकता वाढली ती तेथे.

या निबंधाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. कल्पनेने स्वार्थी दृष्टी काहीशी सुटते, पण तिच्या जागी येते ती दुसऱ्याची दृष्टी नसून आपलीच दुसरी कल्पना असते, हे त्यातील निरीक्षण विशेष मार्मिक आहे.

आमच्याकडील काही उत्साही अभ्यासक यावर लगेच म्हणतील की, स्वतःला उपमा करून दुसऱ्याची हिंसा टाळावी असे धम्मपदाच्या दण्डवग्गात सांगितले आहे, तेव्हा हे संशोधन बुद्धवचनाच्या विरोधी आहे. तसे नाही. दण्डवग्गातील उपमा दुःखापुरती आहे. दंडाचे भय सर्वांना असते एवढे जाणण्यास कोणाची मुलाखत घ्यावी लागत नाही. परंतु अमुक माणसाला काय हवे, कशाची लाज वाटते, तो कशाला नकार देईल, हे त्या उपमेतून निघत नाही. संयुत्तनिकायातील वेळुद्वारेय्य सुत्त या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वेळुद्वाराचे गृहपती आपल्याला मुलाबाळांसह राहावयाचे आहे, काशीचे चंदन आणि सोनेरुपे भोगावयाचे आहे, हे आधी मोकळेपणी सांगतात. भगवंतांचा अत्तुपनायिक उपदेश त्यानंतर येतो.

मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्त तर या निबंधाच्या अगदी जवळ जाते. ज्या भिक्खूला परचित्तज्ञान नाही त्याने तथागतांचीही परीक्षा कशी करावी, असा तेथील प्रश्न आहे. डोळ्यांनी व कानांनी जे जाणता येते ते तपासावे आणि मग स्वतः तथागतांनाच विचारावे, असे उत्तर आहे. मनाने कल्पून ठरवावे असे तेथे कोठेही नाही. आमचे विहारातील प्रवचनकार या सुत्ताकडे क्वचितच वळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

आता या संशोधनात काय राहून गेले ते पाहू. प्रयोगशाळेत ज्याला विचारले जाते त्याचे खरे सांगून काही बिघडत नाही. कोसलसंयुत्तात पसेनदी राजा मल्लिकेला विचारतो, तुला स्वतःपेक्षा प्रिय कोणी आहे काय? उत्तरात आपले नाव येईल अशी त्याची अपेक्षा असावी. मल्लिका म्हणते, नाही. पतीच्या अंदाजापेक्षा पत्नीचे उत्तर वेगळे निघते, हा एप्लींच्या प्रयोगाचाच नमुना झाला. परंतु अट्ठकथेप्रमाणे मल्लिका माळ्याची मुलगी आहे आणि समोर राजा आहे. असे उत्तर देण्यास काय लागते, हे मोजण्याची सोय त्या २५ प्रयोगांत नाही. सत्ता हाती आली की परदृष्टी सुटते, असे दाखविणारा अ‍ॅडम गॅलिन्स्की यांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. पण २०१६ साली अनेक विद्यापीठांनी मिळून केलेल्या फेरपडताळणीत तो टिकला नाही, म्हणून त्याचा आधार आम्ही घेत नाही. त्याची गरजही नाही. आमचा यवतमाळ जिल्हा पुरेसा आहे.

१ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले. यवतमाळ त्यात होते. शेतकऱ्याला जोडधंदा हवा, या कल्पनेने अनुदानावर दुभत्या गाई दिल्या गेल्या. चारा नाही, पाणी नाही, दूध घालावयास जवळ डेअरी नाही, अशा घरांत त्या गाई भार झाल्या. देणाऱ्यांच्या मनात करुणा नव्हती असे कोणी म्हणू नये. त्यांनी स्वतःला शेतकऱ्याच्या जागी ठेवले होते. दारी जाऊन विचारले नव्हते.

२०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. हातमोजे, मास्क घातले नाहीत, असे कारण तत्काळ पुढे आले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, ऑक्टोबरच्या उन्हात असा पोशाख अंगावर ठेवणे कठीण, आणि रोजंदारीवर फवारणाऱ्याच्या हाती तो कोणी दिलाच नव्हता. हे सारे विचारल्यावर कळण्याजोगे होते. पण मालकाच्या देखत साहेबाने विचारले, तर मजूर काय सांगणार? विचारपूस पुरेशी नाही. ती कोण करतो, कोणासमोर करतो, आणि उत्तर देणाऱ्याची उद्याची रोजी कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते.

याच कारणाने प्रतिनिधित्वाचा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कल्पनेवर सोडला नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यांनीच मांडले पाहिजे, अशी मांडणी केली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजी स्वतःच अस्पृश्यांचे प्रतिनिधी असल्याचा दावा करीत होते. त्यांनी स्वेच्छेने अस्पृश्यत्व पत्करल्याचे म्हटले होते. दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचा याहून मोठा प्रयत्न कोणता? आणि त्यातून आलेली खात्रीही तेवढीच मोठी होती. बाबासाहेबांनी तो दावा जागच्या जागी खोडून काढला. शिकागोच्या निबंधाने प्रयोगशाळेत जे दाखविले ते त्या सभागृहात ८७ वर्षे आधी दिसले होते, आणि तेथे उत्तर देणारा स्वतःच्या हक्काने बोलत होता.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यावर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील वैशाली येडे यांना मिळाला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी व्यासपीठावरून स्वतःच्या शब्दांत बोलली. शेतकऱ्याच्या दुःखावर मराठीत कादंबऱ्या पुष्कळ झाल्या, त्यांतील काही चांगल्याही आहेत. पण त्या सभेत जे बोलले गेले ते कोणा लेखकाने तिच्या जागी उभे राहून कल्पिलेले नव्हते. तिला ती संधी दुसऱ्या कोणाचे निमंत्रण रद्द झाल्यामुळे मिळाली, ही गोष्टही एप्लींच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी.