नकलेची शिकवण

नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. परीक्षेत तो गुन्हा, कलेत कमीपणा. पण चिंचवडच्या कारखान्यात बावीस वर्षे मी नकलाच करत आलो आहे. नकाशाबरहुकूम एक जॉब, मग तसेच हजार. मायक्रोमीटरने फरक दाखवला की जॉब भंगारात!

त्याच सवयीने मी राफाएलच्या एका व्यक्तिचित्राची तैलरंगात नक्कल करायला बसलो. बाल्दास्सारे कास्तिल्योने या दरबारी लेखकाचे हे चित्र १५१४-१५ च्या सुमाराचे. मूळ पॅरिसच्या लूव्हरमध्ये, माझ्यापुढे छापील प्रत. काळा पोशाख, करडी फर, पांढरा सदरा. मोजके रंग पाहून वाटले, सोपे आहे.

माझा ट्यूबमधला काळा मात्र डांबर ओतल्यासारखा दिसू लागला. तो तीनदा खरवडला, तेव्हा कुठे उमगले की त्या काळ्याला जिवंत ठेवते ती मागची उबदार, मातकट पार्श्वभूमी. गळ्याशी उजळलेला सदरा आपली नजर अलगद चेहऱ्याकडे नेतो. कष्ट दिसू नयेत, सहजता दिसावी, असे या कास्तिल्योनेनेच आपल्या ग्रंथात सांगितले आहे. राफाएलने ते रंगांत करून दाखवले. ती सहजता किती महाग आहे, हे नुसते पाहून मला कधीच कळले नसते.

थोरांनीही हे केले आहे. याच चित्राची रूबेन्सने नक्कल केली. रेम्ब्रांटने १६३९ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या लिलावात त्याचे टिपण काढले. आपल्याकडे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या तैलरंगी नकला करवून घेतल्या. त्यांतलेच पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले.

मग मी आप्पांना, माझ्या वडिलांना, समोर बसवले. अंगात कामावरचा जुना खाकी सदरा. त्याची छटा झकास जमली! आप्पांनी मात्र चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “नाक माझंच आहे रे. पण मी इतका स्वस्थ कधी बसलो होतो?”

खरेच होते. चेहरा आप्पांचा, शांतपणा राफाएलचा उसना. नकलेने मला रंग पाहायला शिकवले. माणूस पाहणे तिच्यात नव्हते. ते आप्पांपुढे बसूनच शिकावे लागणार, आणि आप्पा आता ऐंशीचे आहेत.

भाऊबीज झाली की पुन्हा बसायचे ठरले आहे. या खेपेस छापील प्रत कपाटात राहील.