चौकट न आखता मांडलेलं पान

‘भीमायन’ या पुस्तकात तहानलेल्या लहान भीमाचं एक चित्र आहे. चेहरा मुलाचा, धड मात्र माशाचं. पुढे १९२७चा महाडचा सत्याग्रह येतो. चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर बोलतायत, आणि समोरच्या लोकांवर लाउडस्पीकरमधून चक्क पाण्याचे फवारे उडतायत. आधीचा मासा लक्षात असेल, तर या फवाऱ्यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

ही चित्रं दुर्गाबाई व्याम आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांची. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. पुस्तक आलं २०११ मध्ये, ‘नवयान’कडून. दुर्गाबाई मध्य प्रदेशातल्या परधान गोंड समाजाच्या. लहानपणी त्या आजीकडून ‘डिगणा’ शिकल्या. सारवलेल्या जमिनीवर आणि भिंतीवर काढायची ही नक्षी. आपल्या अंगणातल्या रांगोळीची आठवण करून देणारी. पुढे त्या भोपाळला आल्या. तिथे जनगढ सिंह श्याम यांनी १९८०च्या दशकात ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर आणली होती. सुभाष यांचा हात आधी माती आणि लाकडावर बसलेला.

भिंतीवरून पुस्तकात, असा हा प्रवास सांगताना आपण सहज म्हणतो, ‘पारंपरिक नक्षी आता आधुनिक माध्यमात.’ मला हे वाक्य अपुरं वाटतं. नक्षी टी-शर्टवर छापली, कॅलेंडरवर छापली, तरी ती माध्यमात येतेच की! दुर्गाबाईंनी नक्षी नुसती आणली नाही, तिला काम दिलं.

कॉमिक्सचं पान म्हणजे चौकटी. एका चौकटीत एक क्षण, मग पुढची चौकट. प्रकाशकाने व्याम दांपत्याला जगभरातल्या नावाजलेल्या ग्राफिक कादंबऱ्या दाखवल्या होत्या. त्या पाहूनही आपल्या पात्रांना डब्यांत कोंबायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. मग पान विभागायचं कसं? डिगण्याने. नक्षीचा एक वळणदार पट्टा पानभर फिरतो आणि प्रसंग वेगळे करतो, पण कोणालाही कोंडत नाही. अंगणात जे शोभेचं होतं, ते इथे पानाची रचना झालं. संवादांचे फुगेही तसेच. साधं, मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात. जातीचं विष ओकणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. कोण कसं बोलतंय, हे अक्षर वाचण्याआधीच कळतं.

याला ग्राफिक डिझाइन नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

आणि इथे विषयही असा आहे, की चौकट नाकारणं ही नुसती हौस राहत नाही. शाळेत कुठे बसायचं, कोणत्या पाण्याला हात लावायचा, कुठे मुक्काम करायचा, हे सगळं दुसऱ्यांनी आखून दिलेलं. त्या माणसाची गोष्ट काटकोनी डब्यांत सांगितली असती, तरी ती कळली असती. पण मोकळ्या पानावर ती जास्त खरी वाटते.

पुस्तक निर्दोष नाही. आजच्या काळातल्या दोन माणसांच्या संवादातून गोष्ट सांगितली आहे. हा संवाद काही ठिकाणी फार समजावून सांगतो. चित्राने आधीच जिंकलेला मुद्दा शब्द पुन्हा मांडत बसतात. शिवाय प्रत्येक आकार नक्षीने भरलेला असल्यामुळे काही पानांवर नजर दागिन्यांतच रमते आणि अपमानाची धार बोथट होते. तरी एक सुचवतो. हे पुस्तक फोनवर पाहू नका. दोन बोटांनी चित्र मोठं केलंत तर रेषा दिसेल, पण पान हरवेल. आणि दुर्गाबाईंची खरी करामत पानातच आहे.

२०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. तरी त्यांची ओळख करून देताना ‘आदिवासी कलाकार’, ‘लोककलाकार’ हेच शब्द पुढे येतात. त्यात चूक काही नाही. पण कॉलेजातून पदवी घेऊन हेच पान कोणी रचलं असतं, तर आपण त्या व्यक्तीला बेधडक डिझायनर म्हटलं असतं. आजीकडून शिकलेल्या बाईला तो शब्द द्यायला आपण का कचरतो? पात्रांना डब्यांत कोंबायचं तिने नाकारलं. तिला मात्र आपण एका डब्यात ठेवून मोकळे झालो आहोत.