अशिमाने घालून पाहिलेले बूट

आमच्या मंडळाच्या पुस्तकभिशीत झुंपा लाहिरींच्या 'द नेमसेक'ची पाळी आली, तेव्हा मुलांना मुद्दाम बोलावलं होतं. २००३ साली आलेल्या या कादंबरीबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं मत आहे: ही इथे वाढलेल्या मुलांची गोष्ट, गोगोल हे विचित्र नाव वागवणाऱ्या मुलाची ओढाताण. मुलं त्या दिवशी छान बोललीही. मला मात्र पुन्हा वाचताना वाटलं, की आपण हे पुस्तक सोयीच्या बाजूने वाचतो. मुलांच्या ओढाताणीवर बोलणं सोपं असतं.

कादंबरीतली खरी गोष्ट अशिमाची आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये दिवस भरत आलेली ही बाई केंब्रिजच्या स्वयंपाकघरात राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि कांदा कालवून कोलकात्याच्या रस्त्यावरच्या झालमुरीची चव आणू बघते. काहीतरी कमी पडतंच. नवऱ्याचं नाव ती घेत नाही. आपल्या आज्यांसारखीच, फक्त हिला उखाण्याचीही सोय नाही. त्याआधीचा एक प्रसंग आहे. मुलगी बघायला पाहुणे आलेले असतात आणि खोलीबाहेर तिला नवऱ्या मुलाचे बूट दिसतात. आत यू.एस.ए. अशी अक्षरं. ती हळूच त्यात पाय घालून बघते. परदेशाची आशा इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेली नाही. तिच्या वाट्याला आलेली आशा ही अशी, दुसऱ्याच्या मापाची.

आता अशोकचं बघा. १९६१ मध्ये त्याला आगगाडीत घोष नावाचा सहप्रवासी भेटतो. घोष इंग्लंडमध्ये राहून परत आलेला, कारण त्याच्या बायकोला तिथे मुळीच करमत नव्हतं. हाच घोष अशोकला सांगतो, वेळ आहे तोवर जग बघून घे. त्याच रात्री गाडीला अपघात होतो. घोष जातो, अशोक वाचतो आणि पुढे अमेरिकेला येतो. घोषचा सल्ला त्याने जन्मभर जपला. त्याच बोलण्यात घोषच्या बायकोचं रडणंही होतं, ते मात्र डब्यातच राहिलं.

बाळाला घरी आणल्यावर अशिमा स्पष्ट म्हणते, शिक्षण लवकर संपवा, मला परत जायचंय. अशोकला अपराधी वाटतं. पण लाहिरी तिथे रेंगाळत नाहीत. अशोक इतका भला माणूस आहे, की त्याला कोणी जाब विचारत नाही, लेखिकाही नाही. पुढे गोगोलच्या मैत्रिणी, लग्न आणि घटस्फोट यांत पुस्तकाची बरीच पानं खर्च होतात, आणि तिथे ते मला सैल वाटलं. मीरा नायर यांच्या २००६ च्या चित्रपटात तब्बू आणि इरफान खान यांनी ही तूट पुष्कळ भरून काढली. तिथे आईवडील पुन्हा मध्यभागी येतात.

आमच्या पिढीला आणखी एक गोष्ट खटकेल. अशोकच्या घरात व्हिसाची धास्ती जवळजवळ नाहीच. त्याचा काळ वेगळा होता, १९६५ च्या कायद्याने नुकतं दार उघडलं होतं. आज भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग एका देशाला ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे वर्षानुवर्षं हलत नाही. माझी बायको मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून एच-४ वर आली. २०१५ मध्ये एच-४ वरच्या काही जणांना कामाची परवानगी मिळू लागली, तोवर तिची सहा वर्षं पोळ्या, पाळणा आणि मंडळाचे हिशेब यांत गेली. इथे यायचा निर्णय दोघांचा होता, असं मी चारचौघांत सांगत आलोय. तिने ते कधी खोडून काढलं नाही. दुजोराही दिलेला आठवत नाही.

भिशी आटोपल्यावर डिशवॉशर लावताना मी तिला विचारलं, "तुला कसं वाटलं पुस्तक?"

"अरे, त्या घोषच्या बायकोचं पुढे काय झालं?" ती म्हणाली. "एवढी रडून नवऱ्याला घरी आणलं, आणि तो असा गेला."

मी रात्री पुन्हा पानं चाळली. मला तरी ती सापडली नाही.