तीन पायांचे हरीण

१

ज्या देशांत शिकारीचा परवाना अजून मिळतो, तेथे, आणि विशेषतः अमेरिकेत, शिकाऱ्यांच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो. बंदुकीच्या टप्प्यात हरीण आले. पण त्याला एक पाय नाही. गोळी घालावी की नाही? एक पक्ष म्हणतो, अवश्य घालावी. बिचारे एकदाचे सुटेल. दुसरा म्हणतो, दैवाने ज्याला एकदा गाठले त्याला आपण पुन्हा कशाला गाठावे? तिसरा पक्ष व्यवहारी असतो. हंगामात एकच हरीण मारायची मुभा असेल तर ते देखणे, भरल्या शिंगांचे असावे, असे त्याला वाटते. आणि आपल्या या आवडीला तो बहुधा पहिल्या पक्षाचा किंवा दुसऱ्या पक्षाचा अंगरखा चढवतो.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने निकालात काढला आहे, असे कोणी म्हणेल. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९७२ साली देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात. परंतु याच कायद्याच्या अकराव्या कलमात एक फट ठेवलेली आहे. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झाले असेल, अथवा बरे होण्यापलीकडे पंगू किंवा रोगग्रस्त झाले असेल, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. तो फक्त शिकाऱ्याच्या हातून अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला आहे. ‘बरे होण्यापलीकडे’ हे दोन शब्द कोणी आणि कसे वाचायचे, यावर त्या जनावराचा जीव टांगलेला असतो.

शब्द कसे वाचायचे हे ज्याचे काम, त्या टीकाकाराने या प्रश्नाकडे पाहिले तर ते अनाठायी ठरू नये. शिवाय पंगू प्राण्याकडे कसे पाहावे हे माणूस शिकतो कोठून? बरेचसे काव्याकडून आणि कथेकडूनच.

२

आपल्या काव्यातले हरीण सदैव धडधाकट असते. त्याचे डोळे नायिकेला दिलेले, वेग रथाशी लावलेला, नाभीतली कस्तुरी तत्त्वज्ञांनी वाटून घेतलेली. मृगजळामागे धावते तेही चारही पायांनी. कान्होपात्रेने स्वतःला वाघाच्या तोंडी सापडलेल्या पाडसाची उपमा दिली, तेव्हा या हरणाला प्रथमच खरे रक्त आले असे वाटते; पण तेथेही ते पुढच्याच क्षणी मरणार आहे. जखम घेऊन मागे उरलेले, आणखी दहा पावसाळे लंगडत काढणारे हरीण कवितेला नको असते. उपमेला पंगुत्व परवडत नाही.

शिकारीच्या धर्माची चर्चा मात्र आपल्या ग्रंथांत पुष्कळ आहे, आणि ती समजतो तितकी भाबडी नाही. महाभारताच्या आदिपर्वात पंडू मृगरूपातल्या किंदम ऋषीला बाण मारतो. राजाने मृग मारावेत, अगस्त्यानेही मारले, असे तो आपले समर्थन करतो. यावर घायाळ मृगाचे उत्तर ध्यानात घेण्यासारखे आहे. तू मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, असे तो म्हणतो. मी मादीशी रत होतो तेवढा वेळ तुला थांबवले नाही, हा तुझा दोष. म्हणजे मारण्याचा अधिकार मान्य करूनही, समोरचा प्राणी त्या घटकेला कोणत्या अवस्थेत आहे हे पाहण्याचे बंधन व्याधावर आहे. हा विचार मुळातच सूक्ष्म आहे.

कालिदासाने तो आणखी पुढे नेला. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत ज्याच्या मागे लागतो ते हरीण मान वळवून वळवून पाहत पळणारे, निरोगी आहे. तपस्वी आडवा येतो आणि राजाला सांगतो की तुझे शस्त्र पीडितांच्या रक्षणासाठी आहे. चौथ्या अंकात दुसरे हरीण भेटते. दर्भाच्या टोकांनी त्याचे तोंड फाटले होते, शकुंतलेने त्यावर इंगुदीचे तेल लावले होते, आणि आता ते निघालेल्या शकुंतलेचा पदर ओढते आहे. एका नाटकात दोन हरणे: धडधाकटामागे राजा, जखमीपाशी मुलगी. पण कालिदास अखेर कालिदासच. त्याने जखमही सुंदर ठेवली. तुटलेला पाय त्याच्या आश्रमातही शिरलेला नाही.

३

या बाबतीत वाल्मीकी कालिदासापेक्षा धीट आहे, आणि त्याची धिटाई समजून घ्यायला सिन्नरसारखे गाव नाही. यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे हे गाव. गोंदेश्वराच्या देवळामुळे लोक ते ओळखतात. रामायणातल्या दोन मृत्यूंना लोकपरंपरेने जी ठिकाणे नेमून दिली, त्यांच्या मध्ये हे वसले आहे. ईशान्येला, गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी, नांदूर मध्यमेश्वर. तेथे मृगव्याधेश्वराचे देऊळ आहे, आणि रामाने मारीच मृगाला बाण मारला तो येथे, असे सांगतात. नैर्ऋत्येला, इगतपुरीच्या डोंगराळ भागात, टाकेद. तेथे जटायू पडला, असे सांगतात. इतिहासाच्या कसोटीला या स्थळकथा लावायचे कारण नाही. कोणा अनामिक माणसांनी हे दोन मृत्यू एकाच मुलुखात शेजारी शेजारी ठेवले, ही त्यांची टीकादृष्टीच म्हणावयाची.

मारीच हा आपल्या साहित्यातला सर्वांत देखणा मृग. सोन्याचे अंग, रुप्याचे ठिपके, रत्नांची शिंगे. सीतेला तो जिवंत हवा. नाहीतर निदान त्याचे कातडे बसायला हवे. लक्ष्मणाला संशय येतो, पण रामालाही त्या रूपाची भुरळ पडलेली आहे, आणि राजे मृगया करतातच हे तोही बोलून दाखवतो. येथे मृत्यू येतो तो रूपामुळे. भिंतीवर लावायला उत्तम शिंगे शोधणाऱ्या शिकाऱ्याची वृत्ती याहून निराळी नसते.

आता टाकेदचा मृत्यू पाहा. रावणाने जटायूचे पंख, कुशी आणि पाय तोडलेले आहेत. रक्ताने माखलेला तो थोरला पक्षी रामाला दिसतो तेव्हा राम काय करतो? आपण विसरतो, पण वाल्मीकीने ते स्वच्छ सांगितले आहे: राम धनुष्याला बाण लावतो. गिधाडाच्या रूपातला हा राक्षसच, यानेच सीता खाल्ली, असे त्याला वाटते. तोडलेले, विद्रूप झालेले शरीर दिसताच पहिला हात शस्त्राकडे जातो, हे इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. मग जटायू बोलतो. राम ऐकतो, धनुष्य टाकतो, त्याला मिठी मारून रडतो. पाय आणि पंख गेलेल्या त्या जीवाला वाचण्याची आशा नाही, वेदना असह्य आहेत. तरीही ‘सोडवण्यासाठी’ दुसरा बाण सुटत नाही. राम त्याच्याजवळ बसतो आणि त्याला जे सांगायचे आहे ते सांगू देतो.

वाल्मीकी येथे अहिंसेचे कीर्तन करीत नाही. जटायूच्या पिंडासाठी राम लगेच रोही मृग मारून आणतो. याच प्रसंगात, याच हाताने! पुढे वालीलाही तो ऐकवतो की मृग सावध असो, बेसावध असो, पाठमोरा असो, त्याला मारण्यात दोष नाही. म्हणजे रामाचे धनुष्य खाली आले ते शिकारीचा वीट आला म्हणून नव्हे. समोर काय आहे ते त्याला दिसले म्हणून ते खाली आले. रोही मारताना गरज दिसली. मारीच मारताना सोने दिसले. जटायूपाशी जटायू दिसला.

४

यावर एक रास्त आक्षेप येईल. जटायूला बोलता येत होते. हरणाला येत नाही. ते तडफडत असेल आणि आपण ‘पाहत’ बसलो, तर ती कविता झाली, करुणा नव्हे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला सर्वांत वजनदार आधार गांधीजींचा आहे. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू मोडून पडले होते. कूस बदलणेही त्याला यातनामय झाले होते आणि उपचार हरले होते. गांधीजींनी आश्रमीयांशी विचारविनिमय केला आणि डॉक्टरकडून विषाची सुई टोचून त्याला मरण दिले. देशात गहजब झाला. त्यांनी ‘नवजीवन’मध्ये लिहून ते कृत्य अहिंसाच असल्याचे प्रतिपादन केले, आणि माणसाच्या बाबतीतही तशा स्थितीत आपण तेच करू, असे सांगायला ते कचरले नाहीत.

परंतु गांधीजींची कसोटी काय होती ते नीट वाचावे. दुखणे असाध्य असले पाहिजे, कोणतीही सेवा करण्याजोगी उरलेली नसली पाहिजे, आणि प्राण्याची इच्छा जाणून घेण्याचा मार्ग नसला पाहिजे. वासराचा अवयव मोडला म्हणून त्यांनी त्याला मारले नाही. वेदना उरली आणि तिच्यावर इलाज उरला नाही म्हणून मारले. कायद्यातले ‘बरे होण्यापलीकडे’ हे शब्द याच अर्थाने वाचले पाहिजेत.

आणि येथेच तीन पायांचे हरीण वेगळे पडते. ते बरे होण्यापलीकडे नसते, कारण ते बरे झालेले असते. ज्याची जखम चिघळली ते महिन्या-दोन महिन्यांत मरते. जे वर्षभराने तीन पायांवर चरताना दिसते, त्याची जखम भरून आलेली आहे. अशी हरणे कळपाबरोबर राहतात, माद्या पाडसे वाढवतात. मागचा पाय गमावलेल्या नराला पुष्कळदा विरुद्ध बाजूचे शिंग वेडेवाकडे येते, असे पाहणाऱ्यांनी नोंदले आहे. जणू अंगाने आपला हिशेब दुसऱ्या बाजूला मांडला. त्या हरणाने दुःखाशी केलेला तह झालेला असतो. त्यात आपण गोळीने मध्यस्थी करावी, असे त्याने कोठे म्हटले आहे?

ताजी जखम ही वेगळी गोष्ट. ती शिकाऱ्याने केली असेल तर ते त्याचे ऋण आहे आणि फेडल्यावाचून त्याने रान सोडू नये. जिम कॉर्बेटने १९४४ च्या आपल्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकात या निष्काळजीपणाचे पर्यवसान दाखवले आहे. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे बंदुकीच्या गोळीने मोडले होते. नेहमीचे भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसाकडे वळली. कोणीतरी गोळी झाडून माग न काढता घरी गेला, आणि त्याची किंमत शेकडो कुटुंबांनी मोजली. जखमीला सोडून देणे आणि पंगूला जगू देणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पहिल्यात कर्तव्य चुकवलेले असते. दुसऱ्यात हाताला आवर घातलेला असतो.

५

मग ‘दया म्हणून मारा’ असे म्हणणाऱ्याला नेमके काय बोचते? मला वाटते, त्याला त्या हरणाची वेदना दिसत नाही. त्याला आपल्या डोळ्यांची वेदना होते. पुरे नसलेले चित्र त्याला पुसून टाकायचे असते. आणि हा दोष केवळ शिकाऱ्यांचा नाही. आपले कथालेखक काय करतात? मराठी कथेतला पांगळा मुलगा, आंधळी बहीण, थोटा गडी यांना शेवटच्या पानापर्यंत जगण्याची परवानगी फारशी मिळत नाही. लेखक त्यांना आधी आपल्या करुणेने न्हाऊ घालतो आणि मग नदीत, तापात किंवा गाडीखाली ‘सोडवतो’. वाचक डोळे पुसतो. तोही तीन पायांच्या हरणावर झाडलेला बारच असतो.

अपवाद आहेत, आणि त्यांपैकी एक मला मोलाचा वाटतो. व्यंकटेश माडगूळकर हे एके काळी बंदूक घेऊन रान तुडवलेले लेखक. १९८२ च्या ‘सत्तांतर’मध्ये त्यांनी वानरांच्या टोळीची कथा सांगितली. त्या टोळीतल्या वानरींची नावे थोटी, काणी अशी आहेत. शहरी कानाला ती क्रूर वाटतील. पण खेड्यात माणसांनाही अशीच नावे पडतात, आणि ती पडल्यावर माणूस गावात राहतो, भांडतो, लेकरे वाढवतो. नाव हा तेथे निकाल नसतो, ओळख असते. माडगूळकर थोटीची कीव करीत नाहीत. ते तिला टोळीत तिची जागा देतात. बंदुकीच्या माशीवरून जनावर निरखलेल्या माणसाने बंदूक खाली ठेवून पाहिले म्हणजे काय दिसते, याचे हे पुस्तक उत्तम उदाहरण आहे.

आज नाशिक जिल्ह्यात हरणाचा पाय जातो तो शिकाऱ्यापेक्षा अन्य कारणांनी. येवल्याकडच्या राजापूर-ममदापूरच्या माळावरची काळविटे उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकतात; कुत्री, कठडा नसलेल्या विहिरी, तारा आणि रस्ते त्यांना गाठतात. सिन्नर तालुक्यातून २०२३ पासून समृद्धी महामार्गावरची वाहने धावू लागली आहेत. मृगव्याधेश्वराच्या नांदूर मध्यमेश्वरला १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० साली ते रामसर यादीतले महाराष्ट्राचे पहिले ठिकाण म्हणून जाहीर झाले. रामसर हे इराणातल्या एका गावाचे नाव, त्याचा रामाच्या शराशी काही संबंध नाही. पण जेथे बाण सुटला असे लोक सांगतात तेथेच आता शस्त्राला बंदी आहे, हा योग लोकपरंपरेला आवडला असता.

मृगव्याध हे मुळात आकाशातले नाव. मृग नक्षत्राचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय, पोटातले तीन तारे म्हणजे बाण, आणि मागे तेजस्वी व्याध, हे आपल्याकडे शेतकऱ्यांच्या पोरांनाही ठाऊक असते. त्या चार पायांपैकी तांबूस काक्षीचा तारा २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या आरंभी इतका मंदावला की जगभरचे ज्योतिर्विद त्याच्याकडे डोळे लावून बसले. तो पुन्हा उजळला. पण केव्हातरी, कदाचित लाखभर वर्षांत, तो स्फोट होऊन विझणार आहे. तेव्हा आभाळातले हरीणही तीन पायांचे होईल. पोटात बाण घेऊन ते आजवर चालले आहे. पाय गेल्यावरही मृगाचा पाऊस त्याच्या वेळी येईल, आणि पेरणी करणारा त्याला मृगच म्हणेल.