जिंकल्यानंतरची शांतता

गेल्या नाताळच्या सुटीत बहिणीच्या घरी चार दिवस मुक्काम होता. रात्रीची रोझरी झाली, जेवणे आटोपली आणि भाचा टीव्हीपुढे व्हिडिओ गेम लावून बसला. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, तूच सांग याला काहीतरी. सुटीभर नुसती मारामारी चाललीय." उपदेश करण्याच्या इराद्याने मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, आणि उपदेश राहूनच गेला. पडद्यावर टेकडीएवढा एक प्राणी अतिशय संथपणे कोसळत होता. त्याला पाडणारा माझा भाचा मात्र जल्लोष न करता गप्प बसला होता. "मामा, याच्यात दर वेळी असंच वाटतं," एवढेच तो म्हणाला.

त्या खेळाचे नाव 'शॅडो ऑफ द कोलोसस'. जपानी रचनाकार फुमितो उएदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००५ साली प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी तयार केला. उएदा ओसाका येथील कलाविद्यापीठाचे विद्यार्थी. आणि हा माणूस चित्रकलेकडून खेळांकडे आला आहे, हे त्यांच्या प्रत्येक दृश्यात जाणवते. कथानक चार ओळींत मावेल. वाँडर नावाचा तरुण मोनो या मृत मुलीचा देह घोडीवर घालून एका निषिद्ध, निर्मनुष्य प्रदेशात येतो. तेथील पुरातन देवालयात डॉर्मिन नावाची अदृश्य शक्ती वास करते. त्या भूमीतील सोळा महाकाय प्राणी मारलेस तर मुलगी कदाचित उठेल, पण त्याची किंमत जबर असेल, असे ती बजावते. तरुण किंमत विचारतही नाही. (डॉर्मिन हे नाव रोमन लिपीत उलटे वाचले की 'निम्रोद' होते. उत्पत्तीच्या पुस्तकातील हा बलाढ्य पारधी आपल्या वाचकांना अपरिचित नाही.)

या प्रदेशात दुसरा शत्रू नाही. गाव नाही, बाजार नाही, वाटेत भेटणारे माणूस नाही. तलवार उन्हात उंच धरली की तिच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश एका दिशेला एकवटतो. त्या रोखाने आग्रो या घोडीवर बसून जायचे. या प्रवासात संगीतही नसते. ऐकू येतात त्या टापा आणि वारा. को ओतानी यांचे संगीत राखून ठेवलेले असते ते झुंजीसाठी, आणि झुंजीनंतरच्या क्षणासाठी. शेवटचा घाव बसला की रणवाद्ये थांबतात आणि एक शोकगंभीर स्वर सुरू होतो. पाठीवर गवतासारखे केस आणि दगडी बुरूज वागवणारा तो जीव कलंडतो, धूळ उडते. मग त्याच्या देहातून काळे धागे निघून विजेत्याच्या छातीत शिरतात आणि तोही तेथेच कोसळतो. पुन्हा डोळे उघडतात ते देवालयात. मोनोच्या भोवती पांढऱ्या पारव्यांत एकाची भर पडलेली असते, आणि खुद्द वाँडरचा चेहरा दर वेळी थोडा अधिक काळवंडलेला असतो.

तेरावा महाकाय तर मी भाच्याला दोनदा खेळायला लावला. वाळवंटात वाळूखालून एक प्रचंड सर्पाकार जीव निघतो आणि आकाशात तरंगू लागतो. तो हल्ला करीत नाही. शेवटपर्यंत एकदाही नाही. आपणच त्याच्या पोटाखालील हवेच्या पिशव्यांवर बाण मारायचे. त्या फुटल्या की तो खाली येतो, त्याचे पंख वाळूवर घासत जातात. भरधाव घोडी शेजारी आणून पंखावर उडी मारायची आणि ऊन, वारा, निळे आकाश यांतून त्याच्या पाठीवर चालत जायचे. साऱ्या खेळात याहून सुंदर दृश्य नाही. आणि आपण तेथे आलो आहोत ते त्याला ठार मारण्यासाठी. भाच्याने तलवार उगारून क्षणभर तशीच धरली होती, हे मी पाहिले.

अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली व्हिडिओ गेम ही कधीच कला होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. त्यांचा एक मुद्दा असा की खेळ जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही. मुद्दा वजनदार आहे. परंतु उएदांनी पाच वर्षे आधीच विजय हाच दुःखाचा विषय केला होता. कादंबरीतील नायकाच्या हातून हत्या घडते तेव्हा आपण हळहळतो, पण आपले हात कोरडे राहतात. येथे बटण दाबणारे बोट आपलेच असते.

त्या बटणाविषयीही थोडे सांगायला हवे. उएदांचा आधीचा खेळ 'इको' हा २००१ चा. शिंगे असलेला एक मुलगा ओसाड किल्ल्यात योर्दा नावाच्या मुलीला सोडवून नेतो. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. संवाद होतो तो हात धरूनच. उजव्या तर्जनीखालचे बटण दाबून ठेवले की तिचा हात हातात राहतो, बोट उचलले की सुटतो. ती फार वेळ एकटी पडली तर छाया-राक्षस तिला जमिनीतील काळ्या विवरात ओढून नेतात. 'शॅडो'च्या मूळ आवृत्तीत तेच बटण महाकायाच्या केसांना घट्ट धरण्यासाठी येते. आधार देणारी ती पकड येथे मारण्यासाठी वापरली जाते. हातालाच ते आठवते.

खेळ निर्दोष आहे असे नव्हे. दृश्यकोन भलत्या वेळी फिरतो, घोडी कधी ऐकते, कधी ऐकत नाही. अकरावा आणि चौदावा हे आकाराने लहान महाकाय नुसते अंगावर धावून येतात. तेथे वैताग तेवढा येतो, करुणा नव्हे. २०१८ च्या नव्या आवृत्तीत गवताचे पाते न् पाते दिसते, पण जुन्या आवृत्तीतील धूसर, उन्हाने विटलेले वातावरण उणावले आहे असे मला वाटते. आणखी एक आक्षेप गंभीर आहे. न मारण्याची मुभा खेळ देत नाही; नकार द्यायचा तर यंत्रच बंद करावे लागते. मग या खिन्नतेला पश्चात्ताप म्हणता येईल काय? माझ्या मते नाही. मागे फिरण्याची वाट नसलेल्या दुःखाला आपण तो शब्द वापरू नये. पण ते दुःख खोटेही नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाला ते हिंसेच्या खेळातच भेटावे, याचा विचार बहिणीने आणि मीही करायला हवा होता.

सुटीच्या शेवटच्या रात्री आम्ही शेवट पाहिला. सोळाव्याकडे जाणारा पूल ढासळला तेव्हा आग्रोने धन्याला पलीकडे झुगारले आणि स्वतः दरीत गेली. पुढे देवालयात प्रकाशाचा भोवरा वाँडरला कुंडाकडे खेचू लागतो, त्या वेळी सूत्रे खेळाडूच्या हातीच ठेवलेली असतात. मोनोच्या दिशेने धावता येते, धरून राहता येते. उपयोग मात्र काही नाही. भाचा तरीही बटण दाबून धरून होता. बहीण हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली होती. "सोड ना आता," ती हळूच म्हणाली.

मोनो उठून बसली. आणि बाहेरून मागचा पाय मोडलेली आग्रो लंगडत लंगडत आत आली.